आजी गाडीतून उतरत नव्हत्या

ब्रिस्टलमध्ये आमच्या शेजारी ज्या इंग्लिश आजी राहतात, त्या सगळ्या जगाला "माय लव्हर" म्हणतात. बसच्या ड्रायव्हरला, पोस्टमनला, दात उपटणाऱ्या डॉक्टरला आणि मला. या भागातली जुनी माणसं तशीच बोलतात, त्यात वावगं काही नाही, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा त्यांनी कुंपणावरून मला तशी हाक मारली, तेव्हा मी कचऱ्याचा डबा रस्त्यात सोडून घरात पळालो होतो आणि बायकोला सांगितलं होतं, की आता आपल्याला घर बदलावं लागणार. बायको इतकी हसली की वरच्या मजल्यावरच्या पोलिश माणसाने जमीन ठोकली.

तर या आजींची एकुलती एक नात मॉर्मन झाली, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका पंथात गेली. पांढरा शर्ट, गडद टाय आणि छातीवर नावाची पाटी लावून जोडीजोडीने दारोदार फिरणारी गुळगुळीत गालांची मुलं तुम्ही पाहिली असतील, ती त्यांचीच. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही. मला दिवसाला बादलीभर चहा लागतो, त्यामुळे मला त्यांच्यापासून धोका नव्हता. नातीला मात्र युनिव्हर्सिटीत त्यांच्यातला एक भला मुलगा भेटला. आधी ती त्याच्याबरोबर त्यांच्या चर्चमध्ये जायला लागली, मग त्यांच्यातलीच झाली, आणि मग लग्न ठरलं.

आजी जन्मभराच्या बॅप्टिस्ट, म्हणजे जुन्या वळणाच्या एका ख्रिश्चन पंथातल्या. त्यांच्या लेखी मॉर्मन हे ख्रिश्चनच नव्हेत. लग्नाला जायचं की नाही, यावर त्या अख्खा हिवाळा कुढत होत्या, आणि कुढता कुढता लग्नाचा केकही करत होत्या. तीन मजली फ्रूट केक. असल्या केकला आठवड्याच्या आठवड्याला चमचा चमचा ब्रँडी पाजतात. आजींनी संत्र्याचा रस पाजला, कारण तिकडच्या मंडळींना दारू चालत नाही. पण पाजताना चेहरा असा, की जणू जिवलग मैत्रिणीला विष देतायत.

लग्नाच्या दिवशी त्या टोपी घालून तयार झाल्या तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. तो जरा लवकर सोडला.

आमची गाडी दोन दारांची. चालवते बायको, कारण इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी इतक्यांदा आपटलोय की मला पाहिलं की परीक्षक आजारपणाची रजा टाकतात. बायकोशेजारी आजी, मागे मी, आणि माझ्या मांडीवर तो केक. वजन म्हणाल तर जात्याची तळी बरी. शिवाय वरचा मजला माझ्या हनुवटीला टेकलेला, त्यामुळे मान हलवायची सोय नाही. दोन दारांच्या गाडीत मागे बसलेला माणूस पुढच्याच्या मेहरबानीवर जगतो. पुढचं सीट वाकलं तरच तो बाहेर. बायकोच्या सीटचा खटका मोडलेला होता. म्हणजे माझी वाट एकच, आजींच्या बाजूने.

मॉर्मनांचं चर्च एका राउंडअबाउटच्या पलीकडे, सुपरमार्केटच्या मागे निघालं. विटांची नीटनेटकी इमारत, वर पेन्सिलीसारखं टोक. बायकोने गाडी लावली, उतरली. आजींनी पट्टाही सोडला नाही.

"मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा."

मी कुठे जाणार होतो? बायकोने माझ्याकडे पाहिलं, मराठीत "सांभाळ" एवढं म्हणाली आणि थोडा उशीर होतोय हे कळवायला आत गेली. बाहेर भुरभुर सुरू झाली. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. गाडीत केकमधल्या मनुका, त्यावरचं बदामाचं मार्झिपान आणि आजींच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास. मी खटल्यातला आरोपी असल्यासारखा केकला धरून बसलो.

आजींनी समोरची झडप खाली केली आणि तिच्यातल्या आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"माय लव्हर, तू सांग. तू ना आमच्यातला, ना त्यांच्यातला. हे लोक ख्रिश्चन आहेत का? आहेत असं मला पटवलंस तर मी उतरते. नाही पटवलंस तर घरी जाऊ."

आता ज्या घरच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुणीतरी काशीहून आणलेला दगड एकाच पाटावर नांदतात, त्या घरातल्या माणसाला हा सवाल. पण मागच्या सीटवरच्या माणसाला पर्याय नसतो. मी म्हटलं, त्यांच्या चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, तुम्ही बाहेरची पाटी वाचा. आजी म्हणाल्या, दुकानावर ताजा ब्रेड लिहिलं म्हणून ब्रेड ताजा होत नाही. मी म्हटलं, ते येशूला तारणहार मानतात, त्याच्या नावाने प्रार्थना करतात. त्या म्हणाल्या, कुठला येशू, ते विचार. आमचा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. यांचे तिघं वेगवेगळे. बायबलच्या जोडीला यांचा आणखी एक ग्रंथ, आणि अमेरिकेत बसलेला एक जिवंत संदेष्टा.

मग मी माझ्या काकाला पुढे केलं. हा काका पन्नाशीत कुठल्याशा महाराजांच्या नादी लागला. देव्हाऱ्यातले फोटो बदलले, कांदा सोडला, आरत्या नव्या आणल्या, पंगतीला स्वतःचं ताट घेऊन यायला लागला. त्याला आम्ही कटकट्या म्हणालो, पण तू हिंदू राहिला नाहीस असं कुणी म्हटलं नाही.

आजी म्हणाल्या, तुमच्या घराला दारच नाही, मग कोण आत आणि कोण बाहेर हे तुम्हाला कळणार कसं? आमच्या घराला दार आहे.

मग मागच्या सीटवरच्या माणसाला जमतं तेवढंच मी केलं. खिशातून मोठ्या कसरतीने फोन काढला आणि बायकोला मेसेज धाडला. कारण एव्हाना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. तिघं एक की वेगळे, ते काही नाही, हा रुसवा आहे. मी आयुष्यात शेकडो लग्नं जेवलोय आणि एकाही लग्नात कुणी रुसलं नाही असं झालेलं नाही. कधी आत्या गाडीतून उतरत नाही, कधी मामा मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसतो. कारण काहीही सांगोत, औषध एकच. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी दारापर्यंत यायचं, मानाने हात धरून आत न्यायचं. मी लिहिलं: आजी रुसल्यात. मुलाच्या आईवडिलांना घेऊन ये. मानपान कर.

माझी बायको अमरावतीची. तिला मानपान कर म्हणणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. नवरीची ओटी भरायला म्हणून तिने पर्समध्ये नारळ आणि खण आणलेलाच होता. काही मिनिटांत वाफेच्या काचेतून मला मिरवणूक दिसली. पुढे बायको, मागे मुलाचे वडील छत्री घेऊन, मुलाची आई दोन्ही हातांत नारळ धरून, त्यांच्यामागे त्यांचे धर्मगुरू, आणि मग अर्धं ब्रिस्टल. सगळे अदबीने हसत होते. सगळे गाडीभोवती उभे राहिले.

आजींनी दाराची कडी आतून लावली.

"त्या बाईच्या हातात नारळ का आहे?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. लपवून काय उपयोग होता? आमच्याकडे लग्नात रुसलेल्या माणसाला असं बोलावतात, म्हणजे राग जातो, असं सांगितलं. आजी आरशात बघायच्या थांबल्या आणि पहिल्यांदाच मागे वळल्या. पट्टा गळ्याला काचत होता तरी वळल्या.

"तुला वाटलं मी रुसलेय? मला कुणी या या म्हटलं नाही म्हणून?" आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ती चौदा वर्षांची होती. आमच्या चॅपलमध्ये तिच्या आजोबांनी तिला पाण्यात धरून बाप्तिस्मा दिला. त्यांचे हात तेव्हाच थरथरत होते. ती घसरेल म्हणून मीही पाण्यात उतरले, चांगल्या कपड्यांत. आणि या लोकांनी तिला परत बाप्तिस्मा दिला. पहिला चालत नाही म्हणाले. मी त्यांना ख्रिश्चन मानते की नाही हे तुम्ही सगळे विचारता. ते तिच्या आजोबांना काय मानतात, हे कुणी विचारत नाही. आणि इथलं उरकलं की यांच्या टेंपलमध्ये, म्हणजे त्यांच्या खास मंदिरात, आणखी एक विधी आहे. तिथे फक्त त्यांच्यातल्यांना प्रवेश, मला नाही."

मी केकमागे तोंड लपवलं. मला त्या गाडीतून, त्या अंगातून, जमल्यास त्या देशातून बाहेर पडायचं होतं, आणि गुडघाही हलत नव्हता. बाहेर नारळवाल्या बाई अजून हसत होत्या. पावसात हसत उभं राहणं सोपं नसतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नवरी आली. पांढरा लांब बाह्यांचा पोशाख, खालची किनार ओल्या डांबरावर. तिने काचेवर बोटांनी टकटक केलं. आजींनी काच चार बोटं खाली घेतली, जास्त नाही.

"ग्रॅन, आत ये ना."

"आजोबांचा बाप्तिस्मा खरा होता का?" आजींनी विचारलं. "एवढंच सांग."

मी मनात ओरडत होतो, हो म्हण. लग्न आहे, हो म्हण, उद्या बदल. आमच्याकडच्या कुठल्याही पोरीने हो म्हणून विषय मिटवला असता, आणि मीही मिटवला असता.

नवरीने नवऱ्याच्या आईकडे पाहिलं नाही, धर्मगुरूंकडेही नाही. "मी तेव्हा जे देवाला म्हणाले ते खरं होतं," ती म्हणाली. "आजोबांनी मला धरलं होतं तेही खरं होतं. पण मला तो पुरला नाही, ग्रॅन. दुसरा घ्यावा लागला. आजोबांकडे तो द्यायचा अधिकार नव्हता, असं मी आता मानते."

वायपर बंद होते, पाणी काचेवरून ओघळत होतं. आजींनी त्या चार बोटांच्या फटीतून नातीच्या पोशाखाची भिजलेली किनार पाहिली.

"खोटं बोलली असतीस तर मी परत गेले असते," त्या म्हणाल्या. कडी काढली, पट्टा सोडला. "आत येते. आमेन म्हणणार नाही."

"नको म्हणूस," नवरी म्हणाली आणि तिने दार उघडून धरलं.

आत मी आजींच्या शेजारी बसलो, पाय मेलेले. लग्न साधंच होतं, गाणी, थोडं बोलणं, सह्या. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी चोरून पाहिलं. आजी ताठ बसल्या होत्या, डोळे उघडे, नजर नातीच्या मानेवर. सगळा हॉल आमेन म्हणाला आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले राहिले, पण हाताची मूठ मांडीवर दोनदा आपटली. ते आमेन होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. माझी अक्कल तोवर थोडी ताळ्यावर आली होती.

पूर्ण आली नव्हती. परतीच्या वाटेवर मी मागून विचारलंच, की मग आजी, शेवटी काय ठरलं, आहेत की नाहीत?

"नाहीत," आजी म्हणाल्या. मग राउंडअबाउट मागे पडल्यावर, समोर रस्त्याकडे बघत, "पुढच्या रविवारी दोघं जेवायला येतायत. तुम्हीही या. जेवणाआधी ते त्यांची प्रार्थना म्हणतील, मी माझी म्हणेन. बटाटे गार होतील, त्याची तयारी ठेवा."