कट्यारीच्या टोकावरचं लिंबू

नवरदेव मामाच्या छातीवर बसला होता आणि माझा बँड जोरात वाजत होता.

मामा म्हणजे नवरीचा मामा. अंगाने भरदार, मिशा त्याहून भरदार. बिचारा पिंपळगाव रेणुकाईच्या वेशीवर हार घेऊन वरातीला सामोरा आला होता. आता हार धुळीत, घोडी पसार आणि नवरदेवाची कट्यार मामाच्या गळ्यावर.

आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि दृष्ट लागू नये म्हणून टोकाला लिंबू टोचतात. मामाचा गळा आणि लोखंड यांच्यामध्ये तेवढं एक लिंबूच होतं. ते पिळलं जात होतं आणि रस मामाच्या मिशांत उडत होता.

मी जालन्याचा बँडमास्तर. बँडमध्ये साइड ड्रम असतो, गळ्यात अडकवायचा छोटा ढोल. त्यावर दोन काड्या भराभर पाडल्या की तडतडतड असा सलग आवाज निघतो. त्याला आम्ही रोल म्हणतो. नवरदेव सुदाम बर्म्याच्या लढाईतून परतलेला फौजी. तेव्हा वेशीवर खास मिलिटरी रोल द्यायचा, पोराची छाती फुगेल, अशी माझी अक्कल! रोल सुरू झाला आणि सुदामने घोडीवरून उडी घेतली ती थेट मामावर.

खरं तर त्याच्या गावात, सगळ्या धावड्यात, एवढा सभ्य माणूस नव्हता. पाणी उकळून प्यायचा. बूट चमकवायचा. चहा दिला तर "थँक्यू" म्हणायचा. आणि आता त्याचे डोळे पाहून माझी पाचावर धारण बसली.

"स्टॉप! स्टॉप!" मी ओरडलो. ड्रमवाला डोळे मिटून रंगात आलेला. शेवटी मी त्याच्या हातातल्या काड्याच हिसकावल्या. आवाज थांबला, तसा सुदामचा हातही थांबला.

"आरं बाबा, हे काय करून राह्यला?" मामा खालून म्हणाला. "डोळ्यात रस चालला माझ्या!"

सुदाम बाजूला झाला. नवरीच्या बापाने आवाज चढवला, "असल्या येड्याला पोरगी द्यायची न्हाई. वरात माघारी घ्या!"

"बराबर हाय तुमचं," सुदाम म्हणाला. मग मामाकडे वळला. "त्या आवाजानं मी तिकडंच गेल्तो, मामा. तिथं एक जपानी पोरगं असंच माझ्या खाली होतं. हात जोडून राह्यलं होतं. तवा लिंबू न्हव्हतं."

मी ड्रमवाल्याच्या काड्या कमरेला खोचल्या.

तेवढ्यात मांडवातून नवरीची आत्या धावत आली. "पोरगी म्हणती, बँड सोसत न्हाई त बँड बंद करा. लग्न काहून बंद करता?"

मामा आधी फिसकन हसला, मग पोट धरून. सोबत अख्खी वेस हसत सुटली. मीही हसलो, माझंच पोट मारलं जात होतं तरी!

"दाजी," मामा नवरीच्या बापाला म्हणाला, "अक्षता पडताना पोरीच्या मागं मामानं उभं राह्यचं असतं. मी बिलकुल उभा राह्यतो. मंग तुमचं काय जातं?" बाप पुटपुटला, पण वाटेतून बाजूला झाला.

मामाने नवं लिंबू मागवून स्वतःच्या हाताने कट्यारीला लावलं आणि सुदामचा हात धरून पायीच निघाला. मागे माझी एकटी क्लॅरिनेट. बायका टाळ्या पिटत ठेका धरत होत्या, साइड ड्रमवर अक्षतांचं ताट ठेवलेलं. त्याहून धमाल वरात मी वाजवली नाही.

आता फौजी नवरदेवाची सुपारी घेतली की साइड ड्रम गाडीतच राहतो. आणि वरात निघायच्या आधी मी कट्यारीचं लिंबू चाचपून बघतो. बँडमास्तरला काय करायच्या या चौकशा, म्हणून लोक हसतात. हसू देत. लिंबू लहान असलं तर मी बदलायला लावतो.