दुधावर दिलेली खोली

गंगावेशीच्या मागच्या बोळात मीरासाब शिकलगारांचं घर होतं. कात्र्या-सुऱ्यांना धार लावता लावता त्यांनी ते बांधलं आणि शेवटच्या आजारात बायकोच्या नावावर केलं. चाँदबीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. घर आपलंच, नाव कुणाचं का असेना.

मागचा गोठा आणि त्याला लागून असलेली खोली तिनं जोतीरामला दिली. गगनबावड्याच्या पावसाला कंटाळून तो दोन म्हशी घेऊन खाली शहरात आला होता. भाड्याचं बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, "चाची, रोकड माझ्याकडं न्हाय. दूध हाय. रोज सकाळी तुमच्या दारात म्हस पिळतो, तुमच्याच तांब्यात."

चाँदबीला हे पटलं. डोळ्यांदेखत पिळलेल्या दुधात पाणी पडायची भीती नाही, आणि फक्रुद्दीन आणि बेगम ही दोन्ही मुलं अजून वाढीची.

पुढं नगरपालिकेचा माणूस घरपट्टी ठरवायला आला.

"मागं कोण राहतं?"

"पावणा हाय," चाँदबी म्हणाली.

"भाडं किती?"

"पावण्याकडनं कोण भाडं घेतंय व्हय?"

जोतीराम तिथंच म्हशीला पेंड घालत होता. "पावणाच की मी," तो म्हणाला.

"म्हशीसकट आलाय म्हणायचा पावणा," असं म्हणून तो माणूस हसत निघून गेला. घरपट्टी वाढली नाही. आपण सरकारला चांगलं गुंडाळलं, असं चाँदबीला बरेच दिवस वाटत राहिलं.

फक्रुद्दीन मोठा झाला, बापाच्या दुकानात बसू लागला, त्याचं लग्न झालं. बेगम मलकापुरात दिली होती. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि बेगम तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी आली.

फक्रुद्दीन वाईट नव्हता. त्या दिवशी त्यानं मटण आणलं, भाचीला खांद्यावर घेऊन गंगावेशीपर्यंत फिरवून आणलं. पण दुकानात कुणी विचारलं की तो सांगायचा, "चार दिवसाची पावणी हाय. जाईल परत."

हे चाँदबीच्या कानावर आलं आणि तिला जेवण जाईना. पावणा म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनंच ते सरकारी माणसाला सांगितलं होतं. आपल्या माघारी बेगमचा घरात हिस्सा निघतो, हेही ती जाणून होती. पण हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. त्या बोळातल्या कुठल्याच बहिणीनं तो मागितला नव्हता. साऱ्याजणी हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा देऊन, लुगडं घेऊन गेल्या होत्या. त्यांना जायला घर तरी होतं.

तिनं ठरवलं, जोतीरामची खोली रिकामी करून बेगमला द्यायची. ती कोर्टाजवळच्या एका वकिलाकडं गेली.

"भाडं घेता का त्याच्याकडनं?" वकिलानं विचारलं.

"दूध घेतो."

"मग भाडेकरूच की तो. दूध काय, अंडी घेतली तरी ते भाडंच."

"पर मी पावणा म्हणून सांगितलंय."

"तुम्ही सांगितलं, आणि सगळा बोळ रोज सकाळी वेगळंच बघतोय. स्वतःला खोली पाहिजे म्हणून दावा घालता येईल. पण निकाल लागेपर्यंत तुमच्या नातीचं लग्न होईल. मावशी, भाडेकरू एकदा आत आला की तुम्हीच काय, तुमच्या पश्चात तुमच्या पोरालाही त्याला सहजी काढता यायचं नाही."

चाँदबी उठली. दारापर्यंत जाऊन वळली.

"पोरालाबी न्हाय?"

"नाही."

वकिलाला वाटलं, म्हातारी खचली. चाँदबी मात्र तिथनं तडक सहकारी बँकेत गेली, माडी चढवायला कर्ज मिळतं का विचारायला.

फेडणार कशातनं, असं मॅनेजरनं विचारलं. दुसऱ्या खेपेला ती जोतीरामलाच घेऊन गेली. तो टेबलाशी उभा राहून म्हणाला, "लिवा सायेब. मी भाडेकरू हाय. म्हैन्याला रोख देतो."

"आणि दूध?" चाँदबीनं बाहेर आल्यावर विचारलं.

"आता इकत घ्या की चाची. कायद्यात आलासा न्हवं?"

भाड्यातनं हप्ता जाऊ लागला. दूध नातीपुरतंच येऊ लागलं आणि चाँदबी कोरा चहा प्यायला शिकली. माडी झाली, पत्र्याची. बेगमनं वर शिलाईचं मशीन टाकलं.

तोवर नगरपालिकेची महापालिका झाली होती. तिचा माणूस माडी बघायला आला. तो वर बोट दाखवतोय तोच फक्रुद्दीन म्हणाला, "भैन हाय माझी. पावणी."

"पावणी न्हाय," चाँदबी आतनं बाहेर आली. "भाडेकरू हाय. भाडं घेतो आम्ही. लिवा."

"मावशी, लेक न्हवं ती? कशाला? पट्टी वाढंल की."

"वाढू दे."

"अम्मा, लोकं थुकतील तोंडावर," फक्रुद्दीन म्हणाला. "लेकीकडनं भाडं?"

"माझं तोंड हाय. पुसून घेईन."

लोक बोललेच. म्हातारी लेकीच्या घामावर जगते, असं समोरच्या झुंबरबाईनं नळावर चारचौघींत म्हटलं. चाँदबी घागर भरून निघून आली. दर महिन्याला ती भाडं घ्यायची आणि पावती फाडून द्यायची. पहिल्या पावतीला बेगम रडली.

"अम्मा, मी परकी झाले व्हय तुला?"

"परकी झालीस तरच ऱ्हाशील हितं," चाँदबी म्हणाली. "जपून ठेव ती."

चाँदबी गेली त्या वर्षी फक्रुद्दीनचा थोरला लग्नाचा झाला होता. चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर फक्रुद्दीन जिना चढून वर आला. मशीन चालू होतं. त्यानं खोलीवरनं, पत्र्यावरनं नजर फिरवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

बेगमनं पाय थांबवला, मशीनचा खण ओढला आणि महिन्याचं भाडं त्याच्यापुढं धरलं.

त्यानं ते घेतलं. मग खाली गेला, अम्माचं पावतीपुस्तक शोधून आणलं आणि बेगमच्याच मशीनवर टेकवून पावती लिहिली.