सरदारला घेऊन हसनाबादला

आमचा दादा दिवाळीच्या तोंडावर तापाने गेला आणि त्यानंतर त्याचा सरदार बोलायचा थांबला. सरदार म्हणजे तितर. त्याच्या आवाजाला रानातले नर जवळ यावेत म्हणून दादा त्याला पिंजऱ्यातून रानात नेई. जालन्यात घरीसुद्धा तो उजाडायच्या आत "कतीतर, कतीतर" सुरू करायचा आणि आई आतून ओरडायची, "मेल्या, झोपू दे की माणसांना!" दादा गेल्यावर घरात पहाटे कोणीच ओरडत नव्हते.

होळी झाल्यावर आई म्हणाली, "हसनाबादला बाबूरावकडं घेऊन जा त्याला. बोलला तर परत आण. न्हाई तर तिथंच ठेवून ये. मुका पिंजरा मला बघवत न्हाई."

बाबूराव दादाचा शिकारीतला जोडीदार. मी स्वतः कधी रानात गेलो नव्हतो, कचेरीत बसून उर्दू कागद लिहितो. पण दादाचे असे जिवंत काही घरात एवढेच उरले होते, आणि ते सोडून यायची पाळी येईल की काय या धास्तीने मला नीट जेवण जात नव्हते. रजा काढली.

निघताना आईने बजावले, "फास लावायचे न्हाईत. वरीसभर आपल्या हातून जीव जायचा न्हाई." मी तसा शब्द दिला. हे तिने दादा गेला तेव्हाच ठरवले होते. मुंगीवर पाय पडू नये म्हणून ती अंगणातसुद्धा खाली बघून चालायची.

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याची मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरावी. मागे फार धूळ येते. बरोबर पाखरू असेल तर पिंजऱ्यावर ओली खोळ घालावी, पण एक बाजू मोकळी ठेवावी. मी दर थोड्या वेळाने खोळ उचलून सरदारचा श्वास चालला आहे ना ते बघत होतो.

शेजारच्या फेटेवाल्याने विचारले, "काय हाय त्यात?"

"तितर."

"बोलतो का?"

"बोलायचा."

"मंग मोटारीचा खर्चा कशाला करून राह्यले? जालन्यातच रस्सा झाला असता."

सगळी मोटार हसली. मी पिंजरा पायाजवळून उचलून मांडीवर घेतला.

राजूरला उतरलो. गणपतीचे दर्शन घेतले, मागायचे ते मागितले. पुढे बैलगाडी. भाडे आधी ठरवावे आणि संस्थानचे हाली नाणे जवळ ठेवावे, इंग्रजांचा कलदार रुपया दिला की सुट्टे करण्यात वेळ जातो. वाटेत जवारी काढून झालेली राने, मधूनमधून करडई, बांधाला पळस फुललेला. दादा या वाटेने गाणी म्हणत यायचा असे ऐकून होतो. मला ऊन आणि पिंजरा सोडून दुसरे काही सुचत नव्हते.

बाबूराव दारातच उभे होते. अंगाने भरलेले, आवाज त्याहून मोठा. "आला का माझा सरदार!" असे म्हणत त्यांनी पिंजरा घेतला, आत पाहिले आणि तो हलकेच खाली टेकवला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "बिलकुल काळजी करू नका. ह्याला जिथं पकडला त्याच रानात नेऊ. बोलतो का न्हाई बघा."

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी बाबूरावांनी सांगितलेले लिहितो. आदल्या संध्याकाळी रानात जाऊन नुसते ऐकायचे. रानातला नर ज्या झुडपात रात्री बसतो, तिथूनच पहाटे बोलतो. त्याच्या फार जवळ गेले तर तो उठून जातो, म्हणून पिंजरा हाकेच्या अंतरावर, जरा उंचवट्यावर ठेवायचा. आपली पाठ दुसऱ्या एखाद्या झुडपाला आणि उगवतीला, म्हणजे येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते. खोळ उजाडताना काढायची, आधी नाही. घरच्या तितराने साद घातली की आपण ओठ मिटून बसायचे. फास लावणारे ते पिंजऱ्याभोवती अर्धगोल लावतात. आम्ही लावणार नव्हतो. ते ऐकून बाबूराव म्हणाले, "म्हणजे पाव्हण्याला बोलवायचं अन् न जेवता धाडायचं!" पण आईचे नाव काढल्यावर वाद घातला नाही.

पहिल्या सकाळी रानातला नर झकास बोलला. सरदार कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहिला. बाबूरावांनी दोन बोटे तोंडात घालून तितराची शिट्टी मारली, तसा रानातला नरही गप्प झाला. घरी हे कळल्यावर त्यांच्या पत्नी, गोदावहिनी, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमच्या शिट्टीला आपली म्हैस येत न्हाई, तितर कुठून यील?"

बाबूराव हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यानं दुखवटा धरलाय. दादाबिगर न्हाई बोलायचा. ठेवा इथंच." ताटात भाकरी, पिठलं, करडईचं तेल घातलेली चटणी होती. मी अर्ध्या भाकरीवरच उठलो.

दुपारी पिंजरा गोठ्याच्या मागे सावलीत नेऊन ठेवला. खाली एक कुजके लाकूड होते, त्यावर मातीचा पापुद्रा. मी पाणी घेऊन आलो तर सरदार गजांतून मान बाहेर काढून तो पापुद्रा फोडत होता. आतून पांढरी उधई, म्हणजे वाळवी, निघत होती आणि तो ती घाईघाईने टिपत होता. दादा गेल्यापासून मी त्याला असे खाताना पाहिले नव्हते.

"बाबूराव, दादा ह्याला उधई घालायचा का?"

"रोज! उधईनंच तर नराला रग येती. तुम्ही काय घालता?"

"जवारी. घरच्यांच्या हातून जीव जायचा नाही ना, म्हणून आईनं..."

"दिवाळीपासून नुसती जवारी? मंग हा काय भजन करील का?"

मी तिथेच बसलो. घरी आम्ही सगळे समजत होतो की तो दुःख करतो आहे. खुरपे मागून घेतले आणि बांधावरची उधई मीच काढली. आईला दिलेला शब्द आठवत होता.

दुसरी सकाळही मुकी गेली. वाटले, आपण शब्दही मोडला आणि पाखरूही गेले. त्या दिवशी पुन्हा उधई घातली.

तिसऱ्या सकाळी खोळ काढली. रानातला नर बोलला. सरदार उभा राहिला, मान ताणली. घशातून खरखर निघाली. मग "कती..." आणि थांबला. बाबूरावांनी माझे मनगट इतके घट्ट धरले की दुखले. मग एकदम, पूर्ण, "कतीतर, कतीतर, कतीतर!" समोरून नर धावत आला, पिसे फुलवून पिंजऱ्याला धडका मारू लागला. बाबूरावांचा हात सवयीने कमरेच्या फासांच्या पिशवीकडे गेला आणि तसाच परत आला. मी डोळे पुसत होतो, म्हणून नर कधी पळाला ते पाहायचे राहिले.

परतीच्या वाटेवर निराळी धास्ती होती. घरी पोचताच आईला सगळे सांगितले, उधईचेसुद्धा. तिने पिंजरा आढ्याला टांगला आणि ती आत गेली. बाबूरावांकडून बांधून आणलेली उधई दुसऱ्या दिवशी संपली. पुढचे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतरच्या पहाटे जाग आली ती खरवडण्याच्या आवाजाने. आई परसात जुन्या खांबाशी बसली होती. खुरप्याने मातीचा पापुद्रा काढून वाटीत झटकत होती. माझ्याकडे न बघता उठली, पिंजऱ्याशी गेली, वाटी आत सरकवली.

उजाडायच्या आधीच सरदार ओरडला, सगळी गल्ली उठेल असा.

"मेल्या," आई म्हणाली, "झोपू दे की माणसांना." आणि तिथेच, पिंजऱ्याखाली, भिंतीला टेकून बसून राहिली.