समोरून धरलेला दिवा

बोगद्यात सुरुंग उडाला, दगडांचा ढीग हलवून समोरची कातळाची भिंत पाण्यानं धुतली, की तिच्यावरच्या भेगा वाचायचं काम पेन्सिल साहेबांचं. हे नाव मजुरांनी दिलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. भेगा किती, कुठल्या दिशेच्या, हे ते कागदावर काढत आणि त्यावरून, छत कोसळू नये म्हणून त्याला किती बोल्ट ठोकायचे ते ठरे. मग त्यांची बायकोच कॅमेरा घेऊन त्याच बोगद्यावर रुजू झाली, आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

ती फोटो काढी, कॉम्प्युटर त्यातल्या भेगा ओळखून तांबड्या रेघा ओढी. चहा निवायच्या आत अहवाल तयार. पेन्सिल साहेबांची चित्रं आता नुसती फायलीला. त्यात फोटोसाठी दिवा धरायला माणूस लागे, आणि तो माणूस कोण, तर हेच. घरी भाजी चिरतानाही तिचा फोन वाजला की यांचा कान तिकडे. ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसं,’ हे मोठ्या साहेबांचं वाक्य त्यांच्या डोक्यात जाई. त्यांना कधी कुणी तसं म्हणालं नव्हतं.

दिवा बाजूनं धरला तरच भेगेची सावली पडते आणि ती फोटोत उमटते. त्या दिवशी त्यांनी तो समोरून धरला. मुद्दाम. अर्ध्या भेगा उजेडात बुजल्या. मॅडमचं तोंड एकदा एवढंसं झालेलं बघायचं, बाकी मनात काही नव्हतं.

चित्र फायलीला देऊन ते बाहेर आले, तर बोल्ट ठोकणारी माणसं लोखंडी कांबींच्या ढिगावर बसून आकड्याची वाट बघत होती. एक जण हेल्मेट डोक्यावर नीट बसवत होता. निम्मेच बोल्ट, आणि खाली ही डोकी. पेन्सिल साहेब जवळजवळ पळतच ऑफिसात शिरले.

मोठे साहेब बायकोच्या समोर बसलेले. लॅपटॉपशेजारी पेन्सिल साहेबांचंच चित्र. ते खोडी कबूल करायला तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, “सर, फोटोत भेगा फार कमी आल्यात. ह्यांच्या चित्रात बघा. दिव्याची जागा माझी चुकली. परत काढते.”

“शाबास, मॅडम,” मोठे साहेब म्हणाले. “स्वतःची चूक स्वतः पकडणारी माणसं हवीत.”

पेन्सिल साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. खोडी त्यांची, आणि शाबासकी तिलाच.

परत बोगद्यात जाताना त्यांनी विचारलं, “माझी चित्रं बघतेस तू?”

“रोज. ती जुळल्याशिवाय मी सही करत नाही.” तिनं दिवा त्यांच्या हातात दिला. “आता बाजूनं धर. बाकीचं घरी बोलू.”

चारचौघांत ती ओरडली असती तर त्यांना निदान चिडता आलं असतं. त्यांनी दिवा बाजूनं धरला. भेग न् भेग उठून दिसली.

“छान सावली पडली,” ती म्हणाली. तेही त्यांना सहन झालं नाही.