बेकरीच्या काचेची गाडी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, मोटारी भरतात. पंप, पंखा, पिठाची गिरणी, कशाचीही मोटर जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची आणि नवी तार एकेक वेढा मोजून बसवायची, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस. वार्निशच्या वासाने माझं डोकं उठायचं, त्यांना तो वासच येत नाही. आणि एवढं करून दिसतं काय? काही नाही. सगळी कारागिरी झाकणाच्या आत. मोटर चालली तर गिऱ्हाईक पंपाचं कौतुक करणार, बंद पडली तर भाऊजींचा उद्धार. जन्मात कोणी त्यांना म्हटलं नसेल, की वा, काय हात आहे!

मी त्यांच्याकडेच राहते. माझे मिस्टर गेल्यापासून धाकटीने मला हलू दिलं नाही. त्यांना मूलबाळ नाही, मला नाही, तिघांचा संसार. माझं तोंड जरा फटकळ आहे, ते भाऊजींना चांगलं ठाऊक आहे. मी त्यांना अहोजाहो करूनच शिव्या घालते.

दोन वर्षांपूर्वी धाकटी जिन्यावरून पडली. दोन्ही गुडघ्यांत सळया बसल्या आणि पाय काठीसारखे सरळ राहिले, ते वाकेचनात. त्यातून उठते न उठते तोच मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन आणायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात वाजता. सातचं मशीन म्हणजे सातचंच. वीस मिनिटं उशीर झाला तर नर्सबाई पुढच्या पेशंटला झोपवतात. त्यांचंही चुकत नाही, बाहेर बाकावर माणसं जीव मुठीत धरून बसलेली असतात.

आता असे ताठ पाय घेऊन माणूस रिक्षात कसा बसेल? टॅक्सीचं दार लागेना. रुग्णवाहिका आठवड्यातून तीनदा कुठून आणायची, आणि आली तरी तिच्या मर्जीने येणार. महिनाभर आमचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. मग एके दिवशी भाऊजींनी दुकान बंद ठेवलं आणि मागच्या अंगणात ठोकाठोक सुरू केली.

अडीच महिन्यांनी जे बाहेर आलं ते बघून मी कपाळावर हात मारला. पुढे दोन चाकं, मागे एक. अंग पत्र्याचं, पिवळंधमक. आणि पुढचं सगळं तोंड काचेचं, गोलसर, मोठ्ठं. एक बेकरी बंद पडली होती, तिच्यातल्या केक ठेवायच्या कपाटाची ती काच. खालची कडी काढून ती काच वर उचलायची, की आतल्या लांब खुर्चीवर धाकटीला पायांसकट सरळ सरकवता येई. तिच्या मागे, जरा उंचावर भाऊजी चालवायला, त्यांच्या मागे मी. आम्हा दोघांना बाजूला छोटी दारं. मोटर विजेवर, अर्थात स्वतः भरलेली. आवाज म्हणाल तर शिलाई मशीनएवढा.

"केकच्या जागी मला ठेवलंय होय?" धाकटी म्हणाली आणि इतकी हसली की तिला धाप लागली.

पहिल्याच दिवशी सिग्नलला कळलं, की आता आपली धडगत नाही. बसच्या खिडकीतून माना बाहेर. मोटारसायकलवाले चिकटून चालवायला लागले. "काका, ही कुठून मागवली?" "काका, लायसन्स लागतं का हिला?" "पाण्यात चालते का हो?" पेट्रोलपंपावरचा माणूस तर पेट्रोल भरायचं सोडून पळत आला, ज्या गाडीला पेट्रोल लागतच नाही ती बघायला. आणि प्रत्येकाचा शेवटचा सवाल ठरलेला: एका चार्जिंगमध्ये किती जाते?

भाऊजी प्रत्येकाला उत्तर द्यायचे. घरात दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारा माणूस, पण रस्त्यात नुसता फुलून यायचा. गाडी कडेला घ्यायचे, मागचं झाकण उघडायचे, मोटर दाखवायचे. "सत्तर किलोमीटर जाते. आणि जळायची नाही कधी, वेढ्यांच्या आतच स्विच बसवलाय. जास्त तापली की आपोआप बंद. थंड झाली की मग चालू." चाळीस वर्षं जळक्या मोटारी बघितलेल्या त्या माणसाला जळलेली मोटर म्हणजे मेलेलं जनावर वाटे. लोक माना डोलवायचे. भाऊजींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी मागे बसून घड्याळ बघत दात-ओठ खायची.

"भाऊजी, प्रदर्शन पुरे झालं!"

"निघालोच ताई, एक मिनिट."

आणि धाकटी काचेमागे बसल्या बसल्या मान वळवून मला म्हणायची, "बोलू दे गं त्यांना. कधी नव्हे ते कोणी विचारतंय."

तिच्याकडेही लोक बघायचे ते काय सांगू! काचेला नाक लावून. तिचे सुजलेले पाय, हाताला बांधलेली पट्टी. एका बाईने तर विचारलं, "या बसल्यात की झोपल्यात?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. धाकटी पदर सारखा करायची आणि हसायची. नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत लोक, तर चढवू देत, असं तिचं म्हणणं. दर वेळी पंधरा मिनिटं लवकर निघायचं, म्हणजे झालं.

त्या बुधवारी पंधरा मिनिटं पुरली नाहीत. वाटेत कॉलेजच्या पोरापोरींचा घोळका भेटला. त्यांना गाडी मागे कशी जाते ते बघायचं होतं. भाऊजींनी एकदा दाखवली, दोनदा दाखवली. मग खाली वाकून वायरी समजावल्या. मी उतरून दंडाला धरून ओढलं तेव्हा निघाले. दवाखान्यात पोचलो तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि आमच्या मशीनवर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते.

भाऊजी नर्सबाईंच्या अक्षरशः हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "काका, मी कुणाची सुई काढू, सांगा. उद्याही सगळं भरलंय. शुक्रवारी या. आणि पाणी घोटभरसुद्धा देऊ नका."

परत येताना मी बोलले. काय वाट्टेल ते बोलले. ऐकवणार नाही तुम्हाला.

गुरुवारी धाकटीचा चेहरा ओळखू येईना इतका सुजला. आडवं होता येईना. दुसऱ्या दवाखान्यांतही मशीन मोकळं मिळेना. भाऊजींनी तिच्या पाठीला घरातल्या सगळ्या उशा लावल्या आणि एक कागद घेऊन बसले. लाल रंगाने लिहिलं: आत रुग्ण आहे, कृपया गाडी थांबवू नये. काचेवर तो चिकटवला. "उद्या कोणाकडे बघायचं नाही, ताई," मला म्हणाले. "देव आला तरी थांबायचं नाही."

शुक्रवारी सव्वासहालाच निघालो. धाकटी उशांना टेकून बसलेली, तिच्या श्वासाचा घुर्र घुर्र आवाज मला मागे ऐकू येत होता. भाऊजी खरंच कोणाकडे बघत नव्हते. पण तो कागद! अक्षरं काढली होती जेमतेम बोटभर उंचीची, लांबून वाचताच येईनात. पहिल्याच सिग्नलला दोघे ती वाचायला काचेपाशी आले. मग वाचून झाल्यावर आत बघायला थांबले.

पुढे उड्डाणपूल लागतो. तो चढून उतरलं की दवाखाना. पुलाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आमच्या पुढे आली आणि मुद्दाम हळू झाली. मागच्या सीटवरची माणसं वळून फोन धरून बसली. दोन्ही बाजूंना मोटारसायकली आमच्याच वेगाने. भाऊजी हॉर्न देतायत, मी दारातून हात काढून शिव्या देतेय, आणि ते अंगठा दाखवतायत, मस्त, मस्त म्हणून. चढावर, तीन माणसांचं ओझं घेऊन, मुंगीच्या पावलाने. ओझं ओढायला मोटरला वेग लागतो. अशी रांगत चढवली की ती तापणारच, एवढं मलाही कळत होतं.

पूल अर्धा चढलो आणि गाडी गप्प झाली.

भाऊजींनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मग त्यांचे हात तसेच राहिले. "स्विच पडला," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं."

"मग काढा तो मेला स्विच!"

"आत आहे ताई. वेढ्यांच्या आत. मोटर फोडावी लागेल."

"जळू दे ना मोटर! जळली तर जळली!"

"जळतच नाही ती," भाऊजी म्हणाले आणि रडायला लागले. "जळूच नये अशी केलीय मी."

मी भाऊजींच्या खांद्यावरून पुढे वाकले, तशी धाकटीने मागे हात करून माझी बाही धरली. "ताई, हवा," एवढंच म्हणाली. ओठ निळे पडले होते.

भाऊजी बाजूच्या दारातून उडी मारून पुढे धावले. पण तोवर पुढे माणसं जमली होती. वीस असतील, तीस असतील. गाड्या थांबवून आली होती. काच वर उचलायची तर पुढे हातभर जागा लागते, आणि हे काचेला चिकटलेले.

"बाजूला व्हा! काच उघडायचीय, बाजूला व्हा!"

"उघडून दाखवतायत रे!" कोणीतरी ओरडलं, आणि मागचे सगळे पुढे सरकले.

वाईट नव्हते हो ते. मला आजही त्यांना वाईट म्हणता येत नाही. त्यांना खेळ वाटला. धाकटीने उजवा हात उचलला आणि तळवा काचेवर ठेवला. एक मुलगी पुढेच उभी होती. तिला वाटलं, आजी हात करतायत. तिने हसून हात हलवला. मग शेजारच्याने हलवला. मग सगळे हलवायला लागले. माझी बहीण श्वासासाठी तडफडत होती आणि समोर तीस माणसं हसून हात हलवत होती. मी भाऊजींच्या जागेवर सरकून मागून तिला काखेत धरून उचललेलं, ओरडतेय, पण त्या गलक्यात माझं ऐकतंय कोण!

भाऊजी कडी धरून ओढत होते. पाठ लोकांकडे, कपाळावरून घाम डोळ्यांत. मागून कोणीतरी, ज्याला काही दिसत नव्हतं अशाने, मोठ्याने विचारलं, "काका, एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

"सत्तर," भाऊजी म्हणाले. "सत्तर जाते."

बाजूचं दार उघडंच होतं. मी स्वच्छ ऐकलं. धाकटीने ऐकलं की नाही, देव जाणे.

मागे अडकलेला एक टेम्पोवाला भांडायला म्हणून आला. त्याने माणसं दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि त्याला तिचा चेहरा दिसला. "अरे, मरतेय ती!" तो किंचाळला. मग मात्र सगळ्यांचे हात खाली आले. त्याच माणसांनी काच उचलली, त्यांनीच तिला उचलून टेम्पोत ठेवलं, ती हात हलवणारी मुलगी रडत रडत टेम्पोमागे धावली. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा सातला पाच कमी होते. मशीन आमच्यासाठी रिकामं होतं. धाकटीला त्याची गरज राहिली नव्हती.

दहा-बारा दिवसांनी भाऊजी पहिल्यांदा बोलले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मला पुलावरचं काहीच आठवत नाही. मी ओरडलो ना?"

"ओरडलात. घसा फुटेपर्यंत ओरडलात."

"आणखी काही बोललो?"

आयुष्यभर मी या माणसाला ऐकवायचा एक शब्द सोडला नाही. त्या बुधवारी तर तुझ्या हौसेपायी मारशील तिला, असं तोंडावर म्हटलं होतं, अहोजाहो विसरून. माझ्या हातात भांडं होतं, ते मी घासत राहिले.

"नाही," मी म्हटलं. "आणखी काय बोलणार माणूस?"

त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्यानंतर शेजारच्या सुनेने मला फोनवर ते चित्रण दाखवलं. पन्नास सेकंदांचं आहे. धाकटीचा हात दिसतो. लोकांचे हात दिसतात. सवाल ऐकू येतो आणि त्याच्यामागून भाऊजींचं उत्तर, इतकं स्पष्ट की खोलीत बसून बोलल्यासारखं. तिने माझ्या देखत ते पुसून टाकलं. पण तिच्या फोनमधून गेलं म्हणून काय झालं, हजारोंच्या फोनमध्ये आहे. भाऊजींकडे तसला फोन नाही, एवढंच माझं नशीब.

टेम्पोवाल्याने गाडी ओढून आणून दिली. ती गल्लीत उभी आहे, ताडपत्री घालून. लोक ताडपत्री वर करून बघतात आणि मग दुकान शोधत येतात. म्हणून हल्ली मी सकाळपासून दुकानाच्या पायरीवर बसते. भाऊजी आत, भिंतीकडे तोंड करून. जेवायला उठते तेव्हा शटर अर्धं ओढून घेते.

काल एक जोडपं आलं. चांगली सुशिक्षित माणसं. नवऱ्याच्या हातात फोन उघडाच होता. "ती पिवळी गाडी बनवणारे काका इथेच असतात ना? त्यांना फक्त एक दाखवायचं होतं."

मी उठून दारात आडवी उभी राहिले. "ते गेले," मी म्हटलं. "बायकोबरोबरच गेले."

बाई चुकचुकली. दोघं जरा वेळ घुटमळली आणि निघून गेली.

आतून भाऊजींनी विचारलं, "कोण होतं, ताई?"