दुसरी बाटली

रक्ततपासणीच्या खोलीतल्या बाईंना सगळं हॉस्पिटल ‘बाटलीबाई’ म्हणायचं, आणि त्यांना त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे. तापाच्या पेशंटचं रक्त दोन बाटल्यांत यायला हवं, एक हवेची आणि एक बिनहवेची, हा त्यांचा बावीस वर्षांचा हेका. रक्त कमी पडलं की वॉर्डातल्या सिस्टर बिनहवेची बाटली गाळायच्या आणि बाई लगेच फोन उचलायच्या. यावरून किती जणींशी वाजलं असेल, देव जाणे!

एका सकाळी तेच झालं. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका कॅन्सरच्या औषधांनी पार खंगलेले, प्रतिकारशक्ती नावालाच उरलेली, त्यात हुडहुडी भरून ताप चढला. बाटली आली एकच. फोनवर कुणी दाद देईना, तेव्हा बाई तीन जिने चढून स्वतःच वॉर्डात गेल्या. सिस्टरना काकांची शीर सापडता सापडेना. काकू भडकल्या.

“हाताची चाळण केलीत त्यांच्या. माणूस आहे ना तो?”

बाईंना फार वाईट वाटलं, पण त्या हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी हवेची बाटली जशीच्या तशी. बिनहवेच्या बाटलीचं रबरी बूच मात्र गॅसने फुगलेलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जाड, जांभळ्या कांड्यांसारखे जंतू. क्लोस्ट्रिडियम! हा जंतू हवेत वाढतच नाही. धडधाकट माणसाच्या आतड्यात निमूट पडून असतो; अंगात लढायची ताकद नसली की रक्तात उतरतो आणि बघता बघता होत्याचं नव्हतं करतो. नवे डॉक्टर म्हणाले, कातडीवरचं काहीतरी मिसळलं असेल. बाईंनी त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. ते उठले ते तडक वॉर्डात गेले. तासाभरात काकांचं औषध बदललं.

पंधरा दिवसांनी काकू खाली आल्या.

“त्या दिवशी मनातल्या मनात तुम्हाला नको नको ते बोलले मी.”

“मनातल्या मनात कुठे? चांगलं ठणकावून बोललात की.”

दोघी हसल्या. मागे दारात काका उभे होते, स्वतःच्या पायांवर. भिंतीकडे बघून म्हणाले, तुमचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, काढून द्या जरा. बाईंचे डोळे भरून आले. खुर्चीवर चढून त्यांनी घड्याळ उतरवलं आणि काकांच्या हातात दिलं.