पपईच्या देठातलं औषध

गोदाअक्का गेल्या, हा निरोप आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते तसंच आटून गेलं... अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी हळ्ळीखेडच्या घरात आले, तेव्हा थोरले दीर तापानं गेलेले होते आणि अक्कांच्या पदरात लहानगी शांता होती. चूल, दळण आणि अव्वांचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, राग कसा सांभाळायचा हे मला त्यांनीच शिकवलं. अव्वांची कोणती कन्नड शिवी मनावर घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, तेसुद्धा!

निजामाचं राज्य होतं तेव्हा. एका उन्हाळ्यात अक्का फिकट पडल्या. घागर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. हुमनाबादच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं पातळ औषध दिलं. अंगात ताकद येऊ लागली, पण दात काळे पडत गेले. आता हे नव्या पिढीला सांगावं लागेल. त्या काळी आमच्याकडं सवाष्णी दातवण लावून दात काळे करायच्या. तो शृंगारच, कुंकवासारखा. नवरा गेला की दातवण सुटायचं. मग विधवेचे काळे दात बघून विहिरीवरच्या बायका गप्प बसतात होय? "गोदी आता कुणासाठी दातवण लावायलीय गं?" एकीनं मला ऐकू जाईल असं विचारलं. मी तिच्याशी कडाकडा भांडून आले, पण अक्कांनी त्याच दिवशी औषध सोडलं.

थोड्याच दिवसांत त्या जात्यावर कोसळल्या. औषध घ्या म्हणून मी पाया पडले. "मरण आलं तरी चालंल," म्हणाल्या, "पर ह्यो बट्टा नको." शांता शेजारी बसून त्यांचा पदर ओढत होती... मला तर रडूच फुटलं.

अव्वांनी बैलगाडी जुंपायला लावली आणि स्वतः हुमनाबाद गाठलं. परत आल्या त्या थेट परसात गेल्या, पपईचं पान तोडलं आणि देठाची पोकळ नळी कापून धुतली. डॉक्टर म्हणाले होते, दातवणातल्या हिराकशीतही लोहच असतं, म्हणून काळेपणा सारखाच दिसतो. औषध पाण्यात घालून नळीनं प्यायचं, दाताला लागू द्यायचं नाही, वर चूळ भरायची. आलेला काळेपणा घासून जाईल. अव्वांनी अक्कांना ओट्यावर बसवलं, तेही ऐन पाणी भरायच्या वेळेला.

"गोदे, पी. समद्यांला दिसू दे."

"अव्वा, लाज वाटायलीय..."

"लाज कामून? औषध हाय त्ये. ल्योक गेला माझा. आता तुलाबी घालवू व्हय?"

बायका घागरी घेऊन थबकल्या. अव्वांनी एकेकीला हाक मारून बाटलीचा वास घ्यायला लावला. नाकं मुरडत गेल्या, पण पुन्हा कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही.

दात मग राखुंडीनं हळूहळू उजळत गेले. एका दुपारी परसात अक्का छोटा आरसा धरून बसल्या होत्या. दात अजून निम्मे काळे, राखुंडी हातात तशीच. "घासा की," मी म्हटलं. आरशावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "थांब गं वाईच. ह्येंच्या वक्ताचं तोंड दिसायलंय." मी गुपचूप आत गेले. संध्याकाळी त्यांचे दात स्वच्छ होते.

पुढं कसलंही पातळ औषध असो, अक्का ते पपईच्या देठानंच घेत. शेवटच्या भेटीत मी चिडवलं, "अक्का, आता तोंडात दात तरी हायत का?" बोळकं पसरून हसल्या. "न्हाईत की. पर देठ धरला की अव्वा म्होरं बसल्यागत वाटतंय."

त्यांचे दिवस झाल्यावर शांतानं विचारलं, काकू, आईचं काय नेतेस? मी तो आरसा मागून घेतला. माझे धनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काल दुपारी, घरात कुणी नसताना, तो धरून खूप वेळ बसले. मला त्यात माझं आताचंच तोंड दिसलं. अक्कांचा फार हेवा वाटला.